समुद्राखालचा मास्तर

सोलापूरला समुद्र नाही. आपल्याकडे पाणी म्हणजे विहीर, तळे, फार तर उजनीचे धरण. तरीही समुद्राखालच्या नोकरीची गोष्ट एके दिवशी माझ्या दारात आली.

नव्या पेठेत कापडाच्या दुकानात काम करणारा एक मुलगा आला. तो माझा जुना विद्यार्थी. बरोबर त्याची आई होती. त्याच्या हातात एक कागद होता.

"गुरुजी, मालदीवला नोकरी मिळतीय," तो म्हणाला. "लोकांना समुद्रात बुडी मारायला शिकवायचं काम. नुसतं पोहता आलं की झालं, म्हणतात. एजंटाला दोन लाख भरायचे. पंधरा दिवसांत विमान."

आई म्हणाली, "डाग मोडायचं ठरवलंय, गुरुजी. पण आधी तुम्ही एकदा कागद बघा."

मी कागद वाचला. पगार मोठ्या अक्षरांत होता. मालकाचे नाव मात्र कुठेच नव्हते.

असे काम खरोखर असते का? असते. समुद्राच्या तळाशी पोवळ्यांचे खडक असतात, रंगीत मासे असतात. ते पाहायला लोक पैसे देऊन पाण्याखाली जातात. पाठीवर टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर काच आणि पायांत बदकासारखे पंख. टाकीतली हवा लागेल तेवढीच तोंडात सोडणारी तोटी १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यान या दोघांनी तयार केली. या बुडीला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. टाकीत बहुधा आपण घेतो तीच हवा दाबून भरलेली असते.

मग यात मास्तर कशाला हवा? ते नीट समजून घेऊ.

विहिरीत बुडी मारताना आपण दम धरतो. टाकी घेऊन खाली गेल्यावर मात्र दम कधीच धरायचा नाही. पाण्याला वजन असते. १० मीटर, म्हणजे सुमारे ३३ फूट खाली गेले की अंगावरचा दाब दुप्पट होतो. टाकीतली हवाही तेवढ्याच दाबाने छातीत भरते. आता माणूस घाबरला, दम कोंडून एकदम वर आला, तर काय होईल? वरचा दाब कमी झाल्याने छातीतली हवा फुगून दुप्पट होऊ पाहील. फुप्फुस फाटेल. माणूस दगावू शकतो.

दुसरा धोका रक्तातला. गोटी सोड्याची बाटली आठवा. बंद असते तोवर आत बुडबुडे दिसत नाहीत. गोटी दाबली की फसकन फेस येतो. खोल पाण्यात हवेतला नायट्रोजन वायू रक्तात असाच मुरतो. माणूस सावकाश वर आला, तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आला, तर अंगातच बुडबुडे होतात. सांधे ठणकतात. हातपाय लुळेही पडू शकतात. म्हणून वर येताना ५ मीटरवर ३ मिनिटे थांबण्याची रीत आहे.

नवखा माणूस खाली घाबरतो. त्याला वर पळावेसे वाटते. अशा वेळी त्याचा हात धरायचा, त्याला शांत करायचे, सुखरूप वर आणायचे. हे मास्तरचे काम. आपल्याला पोहता येणे वेगळे आणि दुसऱ्याचा जीव सांभाळणे वेगळे. शाळेतही तसेच. मला गणित येत होते, तेवढ्यावर कोणी मला वर्ग दिला नाही. शिकवण्याची परीक्षा द्यावी लागली.

या कामाच्याही पायऱ्या आहेत. हे शिक्षण देणाऱ्या संस्था अनेक आहेत. १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेली 'पॅडी' ही त्यांतली एक मोठी. तिच्या पहिल्या पायरीला १८ मीटरपर्यंत जाता येते, दुसरीला ३० मीटरपर्यंत. मग बुडणाऱ्याला वाचवणे आणि प्रथमोपचार शिकायचे. त्यापुढे डाइव्हमास्टर, म्हणजे मास्तरचा मदतनीस. त्याला वयाची १८ वर्षे पूर्ण लागतात. ४० बुड्या झाल्याशिवाय हे शिक्षण सुरू होत नाही आणि ६० झाल्याशिवाय दाखला मिळत नाही. ४०० मीटर न थांबता पोहून दाखवावे लागते. थकलेल्या माणसाला १०० मीटर ओढत न्यावे लागते. सगळ्यांत शेवटी शिक्षक. त्याला निदान १०० बुड्या, डॉक्टरचा दाखला आणि परीक्षा. प्रत्येक बुडी वहीत लिहायची असते. कुठे, किती खोल, किती मिनिटे. खाली सही. ही वही म्हणजे त्याची हजेरी.

हे शिकायला परदेशी जायला नको. मालवणजवळ तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे शिक्षण केंद्र आहे. तिकडच्या किनाऱ्यावरची कितीतरी मुले हे काम करतात. पावसाळ्यात तिथला समुद्र बंद असतो. अंदमानातही हे काम चालते. आधी इथे अनुभव घ्यावा, थोडे इंग्रजी शिकावे, मग मालदीव, थायलंड, इजिप्त असे देश आहेतच. आपल्याकडचे पर्यटक तिकडे पुष्कळ जातात. त्यामुळे हिंदी येणाऱ्या शिक्षकाला मागणी असते. शिकायला पैसे लागतात, हे खरे. पण ते पायरीपायरीने आणि पावती घेऊन द्यायचे.

मी मुलाला म्हटले, "एजंटाला चार गोष्टी विचार. मालक कोण? करारपत्र कुठं आहे? परवाना नोकरीचा की फिरायला जाण्याचा? आणि तुमचा नोंदणी क्रमांक काय?"

फिरायच्या परवान्यावर जाऊन काम करणे बहुतेक देशांत गुन्हा असतो. तुरुंग होतो किंवा परत पाठवतात. माणसे परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाने सरकारकडे नोंदणी केलेली असावी, असा १९८३ सालचा कायदा आहे. अशा एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर असते. घरातल्या शिकल्या मुलाकडून ती मोबाइलवर पाहून घ्यावी. नोंदणी असलेल्या एजंटालाही ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर, यापेक्षा जास्त घेता येत नाही. दोन लाख कुठले?

मुलाने माझ्यासमोरच फोन लावला. मालकाचे नाव विचारले. "आधी पैसे भर, मग नाव," असे उत्तर आले. नोंदणी क्रमांक विचारल्यावर फोन बंद झाला. आईने डागांची पुरचुंडी पदराला घट्ट बांधली. ती काही बोलली नाही.

पावसाळा संपल्यावर मुलगा तारकर्लीला गेला. परवा सुट्टीला आला, तेव्हा वही दाखवायला घेऊन आला होता. २६ बुड्या झाल्या आहेत. शंभराला अजून ७४ कमी.

"गुरुजी, मामाच्या विहिरीची सवय," तो हसत म्हणाला. "पहिल्यांदा खाली गेलो आणि दमच धरून बसलो. मास्तरांनी हातानं खूण केली, श्वास सोड. तेव्हा पटलं, नुसतं पोहता येऊन भागत नाही."

"आणि मालदीव?" मी विचारले.

"जाणार की," तो म्हणाला. "आधी शंभर होऊ देत."