हात तापवायलेत महाराज

१९८७च्या हिवाळ्यात बँकेने माझी बदली कुंभार पिंपळगावला केली. जालना जिल्हा वेगळा होऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती, पण गावातली वयस्क माणसे पत्ता सांगताना अजून औरंगाबादचेच नाव घेत. मी अठ्ठावीस वर्षांचा, शहरात वाढलेला, कादंबरी लिहिण्याचे वेड डोक्यात घेऊन हिंडणारा कर्ज विभागाचा अधिकारी. देवळामागे एक खोली भाड्याने मिळाली. पहिल्याच पहाटे जाग आली ती एका आवाजाने. 'ता'. थोडी शांतता. पुन्हा 'ता'. कोणी लाकूड फोडतो आहे म्हणावे, तर आवाजात घाव नव्हता. कोणी कपडे आपटतो आहे म्हणावे, तर थंडी मी म्हणत होती. मोजण्याचाच धंदा असल्याने पांघरुणात पडल्या पडल्या मी मोजू लागलो. पाचशेच्या पुढे कंटाळून सोडून दिले. आवाज चालूच होता, तोच, तेवढाच, तितक्याच अंतराने.

सकाळी घरमालकांना विचारले. ते चुलीपुढे हात शेकत बसले होते. म्हणाले, "काही नाही साहेब, महाराज हात तापवायलेत."

महाराज म्हणजे गावचे मृदंगवादक. मराठवाड्यात गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाला महाराज म्हणण्याची रीतच आहे, तेव्हा त्यात मठ-गादीचा काही संबंध नव्हता. दोन-अडीच एकर कोरडवाहू जमीन, त्यात कापूस आणि ज्वारी, आणि आजूबाजूच्या गावांतून सप्ताह असला की गळ्यात पखवाज. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब इथून जवळच. दक्षिणेला गोदावरी आणि तिच्या काठाने वारकऱ्यांची गावे. हरिनाम सप्ताहाची जाहिरात भिंतीवर लागली की कीर्तनकाराच्या नावाखाली लहान टाइपात 'मृदंगाचार्य' म्हणून जे नाव असते, ते आमच्या पंचक्रोशीत बहुधा त्यांचे असे.

सप्ताहात पखवाज किती वाजवावा लागतो, याची कल्पना शहरी वाचकाला नसते. पहाटे काकडा, दुपारी भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री दोन-अडीच तासांचे कीर्तन, आणि हे सात दिवस. हरिपाठात टाळकरी पावली खेळतात, त्यांचे पाय पखवाजावर पडत असतात. हात दमला म्हणून लय ढिली करता येत नाही, कारण मग पन्नास माणसांचे पाय चुकतात. मैफलीच्या कलावंताला मध्यंतर असते. मृदंगीला नसते.

एका रविवारी मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. आश्चर्य असे, की समोर पखवाज नव्हताच. जुन्या दाराची एक फळी, तिच्यावर चौपदरी घडी घातलेले गोणपाट, आणि महाराज त्यावर वाजवत होते. आधी उजव्या हाताने नुसता 'ता'. मग 'दिं', मग 'थुं', मग 'ना'. नंतर डावा हात, त्याचा उघडा 'ग' आणि दाबलेला 'क'. पुढे 'तिट'. यात एकाच हाताचे दोन भाग पाळीपाळीने पडतात आणि दोन्हींचे वजन सारखे राहावे लागते. अर्ध्या तासाने कुठे 'तिटकत गदिगन' आले, आणि त्याहून उशिरा 'धुमकिट'. लय आधी बराबर, मग दुप्पट, मग चौपट. आणि शेवटी, हे मला नवे होते, पुन्हा उतरत उतरत पहिल्या एकट्या 'ता'पर्यंत.

"रोज हेच?" मी विचारले.

"रोज हेच. कुंभार माती मळल्याबिगर चाकावर घेतो का? मळायचा आळस केला तर गाडगं भट्टीत तडकतं. मग म्हणतो, जाळ जास्त झाला." ते हसले. "जाळाचा काय दोष त्याच्यात?"

गावाच्या नावातच कुंभार, त्यामुळे उपमा शोधायला त्यांना लांब जावे लागले नाही. पण ती उपमा वाटते त्याहून खोल आहे. 'मृदंग' या शब्दाची फोड मृत् आणि अंग अशी, म्हणजे ज्याचे अंग मातीचे ते वाद्य. पुढे लाकडाचे खोड आले, नाव मात्र मातीचेच राहिले. पखवाजाच्या डाव्या तोंडावर आजही वाजवण्यापूर्वी ओली कणीक थापतात, कार्यक्रम संपला की खरवडून काढतात. वाद्यदेखील रोज नव्याने मळून तयार करावे लागते; मग हाताला त्यातून सूट कशी मिळावी?

हात 'तापवणे' हा शब्दही नेमका आहे. आपली बोटे हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपरापुढच्या भागात असतात आणि मनगटातून जाणाऱ्या दोऱ्यांनी बोटे ओढतात. थंड, आखडलेल्या हाताने एकदम चौपट लय धरली की भार त्या दोऱ्यांवर येतो. सावकाश सुरुवात केली की रक्त खेळते, सांधे सैल होतात. दुसरी गोष्ट ताकदीची. महाराजांच्या हाताची ताकद दंडात नव्हती. "हात जोरात पडला की आवाज मरतो," ते म्हणत. "पडू द्यायचा आणि उठू द्यायचा. उठायला ताकद लागती." हात वर यायला जेवढा मोकळा तेवढा बोल स्वच्छ, आणि तेवढाच तो दमतही नाही.

ही शिस्त एका खेड्यापुरती नाही. आपल्याकडे पखवाजाचे एक मोठे घराणे ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते नाना पानसे मूळचे वाईजवळच्या बावधनचे. इंदूरच्या होळकर दरबारात ते नावाला आले. गंधर्व नाटक मंडळीत ज्यांच्या तबल्याने प्रेक्षक वेडे होत, त्या अहमदजान खाँसाहेबांना 'थिरकवाँ' हे नाव मिळाले तेच बोटांच्या थिरकण्यावरून. तबलजींमध्ये 'चिल्ला' नावाचे व्रत आहे. चाळीस दिवस जगाशी संबंध तोडून फक्त रियाज. २०२४च्या डिसेंबरात आपल्यातून गेलेले झाकिर हुसेन सांगत, की लहानपणी वडील अल्लारखाँ त्यांना पहाटे तीनला उठवीत आणि तबल्याला हात न लावता आधी बोल तोंडाने म्हणून घेत. तोंडाला जो बोल स्पष्ट येत नाही तो बोटाला येणार कुठून?

साता समुद्रांपलीकडेही वेगळे काही नाही. पलटणींच्या ढोलवादनातून तिकडे ड्रमची मुळाक्षरे तयार झाली. १९३३ साली अमेरिकेतल्या ड्रमवादकांनी एकत्र येऊन तेरा मुळाक्षरे आवश्यक ठरवली. १९८४ साली ती यादी चाळीसवर गेली. त्यातले एक, 'पॅराडिडल', असे आहे: उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. कागदावर पाहिले तर पोरखेळ. पण यात प्रत्येक फेरीला सुरुवात करणारा हात बदलतो, त्यामुळे दुबळ्या हाताला सबळ हाताच्या मागे लपता येत नाही. तिकडची मुले हे रबराच्या गादीवर घोटतात, महाराज गोणपाटावर घोटत. एवढाच फरक.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती सांगतो.

१९८८च्या उन्हाळ्यात महाराज बँकेत आले. धोतर-सदरा धुतलेला, हातात टोपी. त्यांच्या पखवाजाच्या खोडाला चीर गेली होती, पुडीही नव्याने चढवायला झाली होती. नवा पखवाज घ्यायचा होता, कर्ज हवे होते. तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचा जोर होता. म्हैस, शेळ्या, शिलाई यंत्र यांसाठी मी रोज अर्ज भरून घेत असे. अर्जात एक रकाना असे: मालमत्तेपासून अपेक्षित उत्पन्न. महाराज म्हणाले, "सप्त्याची बिदागी मिळती." मी विचारले, वर्षाला किती? ते म्हणाले, "देतील तसं." मी विचारले, मग हप्ता कसा फेडणार? ते गप्प राहिले.

मी अर्ज घेतला नाही. नियमाने मला अगदीच अशक्य होते असे नाही. थोडी खटपट केली असती, वरिष्ठांशी बोललो असतो, तर कदाचित जमले असते. पण पखवाज ही उत्पादक मालमत्ता आहे असे मलाच वाटत नव्हते. वर मी त्यांना शहाणपणाने म्हणालो, "महाराज, सराव तर तुम्ही फळीवरच करता."

त्यावर ते एवढेच म्हणाले, "फळी हात देती साहेब, आवाज देत नाही." टोपी घातली आणि गेले. पुढे गावाने वर्गणी काढून त्यांना पखवाज आणून दिला. माझ्याकडेही वर्गणी मागायला पोरे आली होती, मी अकरा रुपये दिले. महाराजांनी मनात काही धरले नाही. पहाटेचा 'ता' चालूच राहिला. दोन वर्षांनी माझी बदली झाली.

बँकेत माझीही बोटे तयार झाली होती. नोटा मोजायची यंत्रे यायच्या आधीच्या काळात ओल्या स्पंजला बोट लावून शंभराचे बंडल क्षणात मोजणारे आम्ही लोक. रात्री त्याच बोटांनी मी कादंबऱ्या लिहिल्या. हात ही आपल्या मालकीची आणि कायमची ठेव आहे, तिच्यावर नुसते व्याज खात राहावे, असे मी धरून चाललो होतो.

२०२१च्या पावसाळ्यात जिन्यावरून पाय घसरला आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले तेव्हा हात माझा वाटेना. मूठ वळेना, पेन धरले की अक्षर थरथरत उताराला लागे. एक कादंबरी अर्ध्यावर होती. मी आयुष्यभर हातानेच लिहीत आलो. तोंडी सांगून लिहून घेण्याचा प्रयत्न केला, पण मला हात चालल्याशिवाय वाक्य सुचत नाही, हे तेव्हा कळले. फिजिओथेरपीच्या बाईंनी व्यायाम दिले, चेंडू दिला. मी आठ दिवस केले आणि कंटाळलो. माझ्या वयाला आता हे असेच राहणार, अशी मनाची समजूत घालू लागलो.

त्याच सुमारास नातू ड्रम शिकायला लागला होता. शिक्षकांनी त्याला रबराची गादी दिली होती आणि महिनाभर फक्त मुळाक्षरे घोटायला सांगितली होती. हा पठ्ठ्या मोबाइलवर कोणाचे तरी वादळी वादन बघून पहिल्या दिवसापासून तेवढ्या वेगाने बडवायला लागला, आणि पंधरा दिवसांत मनगट धरून बसला. म्हणाला, "आजोबा, मला नाही जमत. हे बोअर आहे." एका घरात दोन मनगटे, एक अतिघाईने दुखावलेले, एक आळसाने आखडलेले. आणि मला तेहतीस वर्षांपूर्वीची ती ओसरी आठवली.

नातवाचे दुखणे थांबेपर्यंत आम्ही दोघांनी नुसते तोंडाने बोल म्हटले. डॉक्टरांना विचारून, पुढच्या महिन्यापासून रोज सकाळी तो गादी घेऊन आणि मी पोळपाटावर टॉवेल टाकून बसू लागलो. एकच नियम: दुखले की थांबायचे, दमले की नव्हे. मी 'ता' म्हणे, तो एक काठी टाके. पहिल्या दिवशी मला वीस 'ता' झेपले. त्यातले सारखे दोनही नव्हते. महिन्याने शंभर झाले. आपण रोज तेच करतो आहोत असे बाहेरून दिसते, पण आत रोज वेगळे काही सापडते. आज करंगळी मागे राहिली, आज खांदा उगाच उचलला गेला, आज श्वास रोखून धरला होता. कंटाळा येतो तो वरवर बघणाऱ्याला. ज्याचे लक्ष हातात आहे त्याला कंटाळायला सवड नसते. तीन महिन्यांनी मूठ वळली. पाचव्या महिन्यात मी एक सबंध पान लिहिले. अक्षर पूर्वीचे नव्हते, पण ओळ सरळ होती. नातू आता शाळेच्या कार्यक्रमात वाजवतो. वाजवण्याआधी तो पडद्यामागे मांडीवर हात तापवतो, ते मी पाहिले आहे.

मी पखवाजी झालो नाही, होणारही नाही. पण ज्याला मी अनुत्पादक ठरवले, त्याचा हप्ता मला माझ्या म्हातारपणी मिळाला. तो मी ज्यांच्याकडून घेतला त्यांना मी काहीच दिले नव्हते. बँकेच्या हिशेबात अशा व्यवहाराला रकाना नाही.

गेल्या कार्तिकात कुंभार पिंपळगावला जाऊन आलो. महाराज नाहीत, जाऊन बरीच वर्षे झाली. गाव वाढले आहे, ओळखीची ओसरी राहिलेली नाही. रात्री मुक्काम केला. पहाटे जाग आली, आणि खोटे सांगत नाही, 'ता' ऐकू आला. आवाजाच्या मागावर गेलो. एका शटरच्या दुकानामागे, तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी स्वेटर घालून पखवाज पुढ्यात घेऊन बसली होती. तिट लावताना दुसरे अक्षर तिचे हलके पडत होते. तिलाही ते कळत होते. ती थांबली, हात झटकले, तळव्यांवर फुंकर मारली आणि पुन्हा पहिल्या एकट्या 'ता'पासून सुरू केले.

मी आत गेलो नाही. अंधारात उभा राहून मोजत राहिलो. या वेळी मध्येच सोडले नाही.