सायकल, शंभर विजय आणि नदीतलं पदक: पुरावा वाचायचा कसा?

मुहम्मद अलीची एक गोष्ट तुम्ही कुठे ना कुठे ऐकली असेल. बारा वर्षांच्या मुलाची सायकल चोरीला जाते. तो रडत, चिडत पोलिसाकडे जातो आणि म्हणतो, चोर सापडला तर त्याला बदडून काढीन. पोलीस म्हणतो, आधी लढायला तर शीक! पोलीस नेमका बॉक्सिंग शिकवणारा असतो आणि तिथून जगज्जेता घडतो. व्याख्यानांत, शाळेच्या संमेलनांत, व्हॉट्सॲपवर ही गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे.

पेट दिली आहे, सिनॉप्सिस लिहायची आहे, गाइडने 'आधी लिटरेचर रिव्ह्यू करून ये' असं सांगितलंय, अशा टप्प्यावर तुम्ही असाल तर ही कारकीर्द सरावासाठी फार चांगली आहे. तिच्यात भक्कम नोंदी आहेत, एकमेकांशी न जुळणारे आकडे आहेत आणि पुढे वाद झालेल्या आठवणीही आहेत. तुमच्या विषयातलं साहित्यही थोड्याफार फरकाने असंच असतं. वाचताना हे तीन प्रकार वेगळे ओळखायचे कसे, ते आज पाहू.

आधी घटनाक्रम

अलीचं मूळ नाव कॅशियस क्ले. जन्म १७ जानेवारी १९४२, अमेरिकेच्या केंटकी राज्यातलं लुइव्हिल शहर. सायकल चोरीला गेली ती १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये. तो पोलीस म्हणजे जो मार्टिन, कोलंबिया जिममध्ये मुलांना बॉक्सिंग शिकवणारा. त्यानंतर काही आठवड्यांतच, नोव्हेंबरमध्ये, क्ले पहिली लढत खेळला. पंचांचं एकमत झालं नाही, पण निकाल त्याच्या बाजूने लागला. ही लढत 'टुमॉरोज चॅम्पियन्स' या स्थानिक टीव्ही कार्यक्रमात दाखवली गेली आणि हा कार्यक्रम मार्टिनच चालवत असे.

पुढच्या सहा वर्षांत त्याने केंटकी राज्याची गोल्डन ग्लव्ह्ज विजेतेपदं सहा वेळा जिंकली. १९५९ आणि १९६० साली राष्ट्रीय गोल्डन ग्लव्ह्ज आणि हौशी खेळाडूंच्या राष्ट्रीय संघटनेचं विजेतेपद, ही दोन्ही पटकावली. सप्टेंबर १९६० मध्ये रोम ऑलिंपिकमध्ये लाइट हेवीवेट गटाचं सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा त्याचं वय १८ होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो व्यावसायिक झाला.

आता या कारकिर्दीबद्दलचे काही दावे एकेक करून तपासू.

पहिला दावा: सायकल चोरीला गेली म्हणून जगज्जेता घडला

या एका वाक्यात दोन दावे दडलेले आहेत. एक, सायकल चोरीला गेली. दोन, त्यामुळे जगज्जेता घडला. ते वेगळे करायला शिका, संशोधनात ही सवय रोज कामाला येते.

पहिल्या दाव्याला बऱ्यापैकी आधार आहे. क्ले आणि मार्टिन दोघांनीही ही हकीगत पुन्हा पुन्हा सांगितली आहे. सायकलचा रंग काय, किंमत किती, असे तपशील सांगणाऱ्यागणिक थोडे बदलतात, पण गाभा तोच राहतो. आठवणींचा स्वभावच तसा असतो. त्यामुळे घटना झाली असं मानायला हरकत नाही.

दुसऱ्या दाव्याचं काय? इथे स्वतःला एक प्रश्न विचारा: त्या काळात मार्टिनच्या जिममध्ये आलेली बाकीची मुलं कुठे गेली? कुणी रागाच्या भरात आलं असेल, कुणी मित्राबरोबर, कुणी टीव्हीवर दिसायच्या हौसेने. त्यातली बहुतेक मुलं काही महिन्यांत यायची थांबली असतील, पण त्यांच्या गोष्टी कुणी छापत नाही. आपल्यापर्यंत पोचते ती फक्त जिंकलेल्याची सुरुवात. याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. छेद लपवून फक्त अंश दाखवला, तर कोणताही अपूर्णांक मोठाच वाटणार.

शिवाय सायकल ही फार तर निमित्त होती. त्या निमित्ताचा उपयोग व्हायला आणखी काय काय लागलं ते मोजा. वर्णभेदाच्या त्या शहरात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय, दोन्ही मुलांना प्रवेश देणारी जिम लागली. पोरांना नियमित लढायला मिळेल असा टीव्ही कार्यक्रम लागला. घरून परवानगी लागली. आणि सहा वर्षांची मेहनत लागली. तुमच्या प्रयोगातही शेवटी घातलेल्या थेंबाने रंग बदलतो, पण आधी ब्युरेटमधून किती द्रावण गेलं ते वहीत लिहिलेलं असतं म्हणून उत्तर काढता येतं.

दुसरा दावा: शंभर विजय, पाच पराभव

क्लेने हौशी लढती किती जिंकल्या हे शोधायला बसा. सर्वाधिक ठिकाणी १०० विजय आणि ५ पराभव असं दिसेल. काही ठिकाणी पराभव ८ आहेत. काही ठिकाणी तर विजय १६१ आणि पराभव ६ असा आकडा सापडतो. माणूस एकच, कालखंड तोच, मग एवढा फरक का?

कारणं सरळ आहेत. त्या काळच्या हौशी लढतींची सगळी नोंद एका ठिकाणी ठेवणारी व्यवस्था नव्हती. गावातली एखादी लढत स्थानिक वर्तमानपत्रात दोन ओळींत यायची, किंवा यायचीही नाही. त्यात 'लढत' कशाला म्हणायचं हाही प्रश्न आहे. प्रतिस्पर्धी आलाच नाही म्हणून मिळालेला विजय धरायचा का? प्रदर्शनी सामने धरायचे का? व्याख्या बदलली की बेरीज बदलते. मोजायच्या आधी व्याख्या लिहा, असं कोर्सवर्कमध्ये शिकवतात ते याचसाठी.

आणखी एक सापळा आहे. १००-५ हा आकडा पन्नास ठिकाणी सापडला, म्हणजे त्याला पन्नास पुरावे मिळाले असं होत नाही. पन्नासही जणांनी एकाच ठिकाणाहून उचलला असेल, तर पुरावा एकच. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये हे सर्रास होतं. एका जुन्या पेपरमधला आकडा पुढचे पेपर उद्धृत करतात, त्यांना आणखी पुढचे, आणि मूळ पेपर उघडून कुणीच पाहत नाही. म्हणून साखळीच्या पहिल्या कडीपर्यंत जा. तिथे मोजमाप आहे की अंदाज, ते पाहा. आकडा फारच गोल असेल तर जरा जास्तच बारकाईने पाहा.

मग लिहायचं काय? 'नोंदींमध्ये एकवाक्यता नाही. सर्वाधिक उद्धृत आकडा १०० विजय व ५ पराभव. इतर आकड्यांतही पराभव दहाच्या आतच आहेत' असं लिहा. हे वाक्य खुबीदार नाही, पण व्हायव्हात कुणी विचारलं तर तुम्हाला त्याच्यामागे उभं राहता येतं. याउलट राष्ट्रीय विजेतेपदांबद्दल असा गोंधळ नाही, कारण स्पर्धा घेणाऱ्या संस्थांनी त्यांची नोंद त्याच वेळी केली. घटनेच्या वेळी, स्वतःचं काम म्हणून केलेली नोंद ही नंतरच्या बेरजेपेक्षा वजनदार असते.

तिसरा दावा: हरला, शिकला, म्हणून जिंकला

१९५९ मध्ये पॅन अमेरिकन स्पर्धेच्या निवड चाचणीत क्ले एमॉस जॉन्सनकडून हरला. जॉन्सन डावखुरा होता. त्यानंतर क्ले थेट ८ मार्च १९७१ ला, जो फ्रेझियरविरुद्ध हरला.

आता रोम पाहा. तिथे क्ले चार लढती खेळला. बेल्जियमच्या खेळाडूला दुसऱ्याच फेरीत थांबवलं. मग रशियाचा गेन्नादी शात्कोव्ह, जो १९५६ चा मिडलवेट सुवर्णविजेता होता. त्यानंतर ऑस्ट्रेलियाचा टोनी मॅडिगन. अंतिम फेरीत समोर आला पोलंडचा झ्बिग्निएव्ह पिएट्शिकोव्स्की. अनुभवी, युरोपचा विजेता, आणि तोही डावखुरा. सुरुवातीला क्लेला त्याचा अंदाज येईना. तिसऱ्या फेरीत मात्र त्याने लढत पूर्ण ताब्यात घेतली आणि पाचही पंचांनी त्यालाच कौल दिला.

गोष्ट जुळवायचा मोह होतो ना? डावखुऱ्याकडून हरला, त्यातून शिकला, पुढच्या वर्षी डावखुऱ्यालाच हरवून सुवर्ण मिळवलं. असेलही तसं. पण आपल्या हातात आहेत दोन लढती आणि त्यांच्यामधला एक वर्षाहून मोठा काळ. त्या काळात त्याचं वय वाढलं, ताकद वाढली, कितीतरी इतर लढती झाल्या. पिएट्शिकोव्स्की तिसऱ्या फेरीपर्यंत दमला होता ही शक्यताही आहेच. नंतर घडलं म्हणजे आधीच्यामुळे घडलं, असं ठरत नाही. हा अंदाज 'गृहीतक' म्हणून मांडा आणि काय सापडलं तर ते खोटं ठरेल तेही पुढे लिहा. 'निष्कर्ष' या मथळ्याखाली मात्र त्याला जागा नाही.

चौथा दावा: पदक नदीत फेकलं

१९७५ मध्ये अलीचं 'द ग्रेटेस्ट' हे आत्मचरित्र आलं. त्यात असं आहे की रोमहून परतल्यावर लुइव्हिलच्या एका उपाहारगृहात वर्णामुळे त्याला वाढायला नकार मिळाला. पुढे गोऱ्या तरुणांच्या टोळीशी झटापट झाली आणि त्याने पदक ओहायो नदीत फेकून दिलं. पण त्याच्या जवळच्या माणसांनीच नंतर हे नाकारलं. थॉमस हाउझरने १९९१ मध्ये लिहिलेल्या चरित्रात पदक हरवलं असंच येतं. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याला बदली पदक देण्यात आलं.

म्हणजे स्वतःबद्दल स्वतः सांगितलेली, छापील पुस्तकातली गोष्टही डोळे मिटून घेता येत नाही. प्राथमिक स्रोत म्हणजे खरा स्रोत नव्हे. प्राथमिक म्हणजे घटनेच्या जवळचा, एवढंच. आणि हे पुस्तक घटनेनंतर पंधरा वर्षांनी, सहलेखकाच्या मदतीने लिहिलेलं आहे.

इथेच उलटी चूकही होऊ शकते. पदकाची गोष्ट डळमळीत आहे, म्हणजे वर्णभेदाचीही गोष्ट बनावट, असा अर्थ काढू नका. त्या काळात लुइव्हिलमधल्या अनेक उपाहारगृहांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, याला स्वतंत्र पुरावा भरपूर आहे. १९६१ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध मोठी निदर्शनं केली. एक साक्ष डळमळली म्हणून बाकीचे साक्षीदार खोटे ठरत नाहीत.

ज्याची नोंद कमी, त्याचं काय?

मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा मुद्दा. क्लेला घडवणारा आणखी एक प्रशिक्षक होता, फ्रेड स्टोनर. तो कृष्णवर्णीय होता आणि शहरातल्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या समाजकेंद्रात शिकवायचा. क्ले त्याच्याकडेही सराव करत असे आणि पुढे अलीने आपल्या घडणीचं मोठं श्रेय स्टोनरला दिलं. तरी सायकलच्या गोष्टीत स्टोनर कुठेच नाही.

का नाही? मार्टिनकडे टीव्ही कार्यक्रम होता, पोलिसाची वर्दी होती आणि सांगायला सुटसुटीत गोष्ट होती. स्टोनरकडे यातलं काहीच नव्हतं. मार्टिनचं काम खोटं होतं असा याचा अर्थ नाही, मुलाला जिमपर्यंत त्यानेच आणलं. पण नोंदी कुणाच्या राहतात हे कॅमेरा कुणाकडे होता यावरही ठरतं. तुमच्या विषयातही असे स्टोनर असतील. नमुने गोळा करणारे, उपकरण चालवणारे, गावाची माहिती देणारे, पेपरवर नाव नसलेले. पुरावा वाचताना 'इथे कोण दिसत नाही?' हा प्रश्न विचारला नाही, तर आपण जुनीच गळती पुढे चालवतो.

आता तुमची पाळी

वहीत चार रकाने आखा. दावा काय आहे? तो सर्वप्रथम कुणी आणि घटनेनंतर किती काळाने नोंदवला? सांगणाऱ्याचा त्यात काही फायदा होता का? दुसरा, स्वतंत्र पुरावा आहे का? तुमच्या सिनॉप्सिसमधली पहिली पाच विधानं या रकान्यांत बसवून पाहा. शेवटचे दोन रकाने रिकामे राहिले तर विधान खोडायची गरज नाही, त्याची भाषा मात्र बदला. 'सिद्ध झाले आहे' च्या जागी 'असे नोंदवले गेले आहे' लिहा.

सरावासाठी एक दावा देतो. क्लेला विमानाची भीती वाटायची, आणि रोमला जाताना त्याने पॅराशूट विकत घेऊन विमानात अंगावर चढवलं होतं, असं जो मार्टिनच्या मुलाने सांगितलेलं आहे. कोणता रकाना भरतो आणि कोणता रिकामा राहतो? उत्तर कमेंटमध्ये लिहा, आणि 'खरं' किंवा 'खोटं' एवढ्यावर थांबू नका.