रुग्णपत्रकातील रकाना आणि वैद्याचा शब्द

परभणी-जिंतूर मार्गावरील झरी येथे स्त्रीरुग्णांची पाहणी करताना आम्हांस एक धडा मिळाला. आहार, निद्रा, मलप्रवृत्ती यांविषयी भगिनी मोकळेपणाने सांगत. परंतु भ्रमणध्वनी व आधार क्रमांकाचे रकाने येताच त्या घुटमळत. एकीने दिलेला क्रमांक तिच्या दिराचा निघाला. पथ्याची चौकशी करण्यासाठी आम्ही त्यावर दूरध्वनी केला आणि तिने घरात न सांगितलेला श्वेतप्रदर सर्वांस कळला. ती पुन्हा आली नाही. दोष आमचा होता. क्रमांक कशासाठी हवा व त्यावर कोण बोलणार, हे आम्ही तिला सांगितलेच नव्हते.

मग प्रत्येक पत्रकावर गोपनीयतेची सूचना छापली की काम झाले काय? तसेही नाही. अमेरिकेतील संशोधिका एलेनॉर सिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात या प्रश्नाचा अभ्यास केला. विषय नाजूक असेल तर गोपनीयतेच्या हमीने प्रतिसाद सुधारतो. विषय साधा असेल तर लांबलचक हमीने उलट शंकाच बळावते, असे त्यांस आढळले. त्या देशाच्या २००० सालच्या जनगणनेतील प्रयोगात सामाजिक सुरक्षा क्रमांक मागताच पत्रके परत येण्याचे प्रमाण काहीसे घटले. म्हणजे सूचनेच्या शब्दांइतकेच महत्त्व आपण काय मागतो यास आहे.

आपल्या शास्त्रास हे नवे नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत, असा शिष्यास उपदेश आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मागताना माहिती कोणती व कशासाठी, हे सूचनेत सांगावयाचे आहे. ती सूचना मराठीतही मिळण्याची सोय हवी.

वैद्यबंधूंनी व औषधालयचालकांनी पुढील पथ्य पाळावे, अशी आमची विनंती आहे. पाहणीतून आधारचा रकाना काढावा. नावाऐवजी अनुक्रमांक लिहावा व नावांची वही वेगळी, कुलपात ठेवावी. क्रमांक घेतल्यास तो कोणाचा आहे आणि त्यावर काय बोललेले चालेल, हे विचारून घ्यावे. सूचना दोन-तीन वाक्यांची असावी व ती वाचून दाखवावी. नकार देणाऱ्यासही तेच औषध, त्याच आस्थेने द्यावे.

झरीत आम्ही आता असेच करतो. काही रकाने रिकामे राहतात. परंतु जे भरले जातात त्यांवर विश्वास ठेवता येतो.