काळ्या पोतीपासून सुरुवात : घरी दागिने घडवण्याचा उद्योग

लग्नसराई जवळ आली की घरोघरी पहिला हिशेब दागिन्यांचा होतो. 2025 मध्ये दहा ग्रॅम सोन्याचा भाव एक लाख रुपयांच्या पुढे गेला आणि सामान्य घरांचा हा हिशेब पार कोलमडला. सोने घेणे आवाक्याबाहेर गेले, तरी मुलीच्या अंगावर काहीतरी शोभेचे असावे ही आईची हौस कशी संपेल? म्हणूनच मणी, मोती, लाख आणि तारेच्या दागिन्यांकडे लोक वळू लागले आहेत. घरच्या जबाबदाऱ्या सांभाळून चार पैसे हलाल मार्गाने कमवू पाहणाऱ्या आपल्या भगिनींसाठी ही चांगली संधी आहे.

मात्र उत्साहाच्या भरात एकदम मोठा माल आणायचा आणि मग तो डब्यात पडून राहायचा, असेही पुष्कळ ठिकाणी होते. काय शिकावे, सामान कुठून आणावे आणि किंमत कशी ठरवावी, एवढे तरी आधी समजून घेऊ या.

ही कला परकी नाही

हिंगोली आणि आसपासचा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळाच्या खुणा आपल्या बोलीत, जेवणात आणि दागिन्यांतही राहिल्या आहेत. दख्खनच्या मुस्लिम घरांत नव्या नवरीच्या गळ्यात काळ्या पोतीचा लच्छा घालतात. बारीक काळ्या मण्यांचे अनेक सर आणि मधूनमधून सोन्याचे मणी, अशी त्याची घडण. बांगड्या विकणारे मणियार आणि रेशमी दोऱ्यात दागिने गाठवणारे पटवेकरी हे तर आपल्या बाजारपेठेतले जुने कारागीर. तेव्हा दागिने घडवणे म्हणजे कुठली शहरी फॅशन नव्हे.

नव्याने शिकणारीने पोत ओवण्यापासूनच सुरुवात करावी. त्यासाठी भट्टी लागत नाही, यंत्र लागत नाही. बारीक सुई, मजबूत नायलॉनचा दोरा, काचेचे मणी आणि चांगला उजेड एवढे पुरते. मणी आधी ताटात पसरून निवडून घ्यावेत. फुटलेल्या मण्याची धार दोरा कापते आणि महिन्याभरात पोत तुटून तक्रार येते. लाखेच्या बांगड्यांचे काम मात्र निखाऱ्यावर होते. ते लहान मुलांच्या घरात, शिकवणाऱ्याशिवाय करू नये.

पहिले सामान

दुसरी पायरी तारेच्या कामाची. त्यासाठी गोल तोंडाची पक्कड, चपट्या तोंडाची पक्कड आणि तार कापायचे कटर ही तीन हत्यारे हवीत. तारेचा गेज जितका मोठा तितकी तार बारीक, हे लक्षात ठेवावे. 20 गेजची तार कड्या व हूक वळवायला चालते, तर मणी गुंफायला त्याहून बारीक 26 गेजची तार बरी. जोडीला तयार कड्या, कानातल्यांचे हूक आणि माळेचे फासे घ्यावेत. पहिली खरेदी हजार रुपयांच्या आत ठेवावी.

मणी किती लागतील हे दुकानात जाण्यापूर्वी काढता येते. 16 इंची माळ म्हणजे सुमारे 406 मिलिमीटर. 8 मिलिमीटरचे मणी असतील तर एका माळेला 50 लागतात, 4 मिलिमीटरचे असतील तर 100. बांगडीचे मापही असेच समजून घ्यावे. आपण ज्याला दोन-चार म्हणतो ते म्हणजे सव्वादोन इंच. दोन-आठ म्हणजे अडीच इंच. हे माप बांगडीच्या आतल्या व्यासाचे असते.

माल कुठून आणावा?

पहिला माल गावातल्याच मणियाराकडून किंवा शिवणसामानाच्या दुकानातून घ्यावा. थोडा महाग पडला तरी चालेल, कारण शिकताना नासाडी होतेच. हात बसला की नांदेड किंवा परभणीची घाऊक दुकाने पाहावीत. मागणी वाढली की हैदराबाद आहेच. अकोला–पूर्णा मार्गावरच्या हिंगोली डेक्कन स्थानकावरून तिकडच्या गाड्या मिळतात. चारमिनारजवळचा लाड बाजार लाखेच्या बांगड्यांसाठी आणि त्याला लागून असलेला पत्थरगट्टीचा भाग मोत्यांसाठी प्रसिद्ध आहे. मुंबईत भुलेश्वरला इमिटेशन दागिन्यांचे आणि सुट्या सामानाचे घाऊक व्यापारी आहेत. काचेच्या बांगड्या फिरोजाबादच्या, इमिटेशनचा पुष्कळसा माल राजकोटचा. तो कोणत्या हातून आपल्यापर्यंत येतो हे कळले की भाव करता येतो.

एकटीने जाण्यापेक्षा चार-पाच जणींनी मिळून खरेदी करावी. प्रवासखर्च वाटला जातो आणि घाऊक भावही मिळतो. ऑनलाइन माल मागवताना फोटोवर न जाता मण्याचे माप मिलिमीटरमध्ये पाहावे आणि आधी नमुनाच मागवावा.

किंमत आणि सचोटी

बहुतेक जणी फसतात त्या किमतीत. समजा, एका माळेला मणी 45 रुपयांचे, तार-कड्या-फासा 10 रुपयांचा आणि डबी 5 रुपयांची लागली. हैदराबादच्या फेरीचा खर्च विभागून दर नगास 10 रुपये आला. तुमचा तासभर वेळ 50 रुपयांचा धरा. माळ 120 रुपयांना पडली. ती 80 रुपयांना विकून 10 रुपये सुटले असे मानणारी बहीण स्वतःची मजुरीच विसरते. शिवाय दुकानदाराला द्यायची तर त्याचा नफा वेगळा धरावा लागतो.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. बाजारात ‘वन ग्रॅम गोल्ड’ नावाने जे विकतात त्यात एक ग्रॅम सोने असते असे नव्हे. तो तांब्या-पितळेवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांगावे. काही धातूंतील निकेलने कानाला खाज येते, पुरळ उठते. तेही लपवू नये. लच्छा गाठवायला कोणी सोन्याचे मणी दिले तर ते तिच्यासमोर मोजावे, वजन करावे आणि वहीत लिहून दोघींनी सही करावी. मापात पाप नको, ही शिकवण आपल्याला नवी नाही. बरकत त्यातच आहे.

शिकण्याची आणि भांडवलाची सोय

ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, बँकांमार्फत चालतात आणि तिथे मोफत प्रशिक्षण मिळते. त्यांच्या अभ्यासक्रमांत इमिटेशन दागिन्यांचाही समावेश आहे. आपल्या जिल्ह्यातला पुढचा वर्ग कधी आहे, हे अग्रणी बँकेच्या कार्यालयात विचारावे. बचत गटासाठी ‘उमेद’ आणि 1975 पासून काम करणारे महिला आर्थिक विकास महामंडळ आहे. अल्पसंख्याकांसाठी मौलाना आझाद आर्थिक विकास महामंडळाच्या योजना आहेत. अर्जापूर्वी अटी आणि परतफेड नीट वाचून घ्यावी. व्याजाचे कर्ज नको असेल तर नात्यातली कर्जे हसना किंवा मैत्रिणींची भिशी पुरेशी ठरते, कारण हा धंदा थोडक्या भांडवलाचाच आहे.

घरातल्या पुरुषांनाही आमचे सांगणे आहे. बाजारहाट करून देणे ही मदत झाली, पण या कमाईचा हिशेब तिच्याच हाती राहू द्यावा. स्त्रीने जे कमावले त्यावर तिचा हक्क आहे, हे आपण व्यासपीठावर नेहमी सांगतो. ते घरात पाळायचे आहे. रमजान ईदच्या दोन महिने आधी पहिल्या दहा पोती ओवायला घ्या, त्या शेजारीपाजारी दाखवा, आणि कोणती आधी विकली जाते ते वहीत लिहा. पुढची खरेदी त्या वहीवरूनच ठरवा.