पेशीतलं आजोळ

गुलबक्षी आपल्याकडे सहसा कुणी मुद्दाम लावत नाही. काळ्या सुरकुतलेल्या बिया परसात पडतात, पावसाळ्यात आपसूक उगवतात आणि संध्याकाळ झाली की फुलं उमलतात. अमेरिका खंडातून आलेलं हे झाड इतकं घरचं झालंय की ते परकं आहे याची कुणाला आठवणही नाही. या गुलबक्षीच्या एका प्रकाराची पानं चितकबरी असतात. एकाच झाडावर एखादी फांदी पूर्ण पांढरी, एखादी पूर्ण हिरवी आणि बाकीच्या मिश्र. कार्ल कॉरेन्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी या फांद्यांवरच्या फुलांचे आपसांत संकर केले. १९०९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनी आनुवंशिकतेच्या नव्याकोऱ्या शास्त्रापुढे एक ठसठशीत अपवाद ठेवला.

कॉरेन्स मेंडेलचे विरोधक मुळीच नव्हते. १९०० मध्ये मेंडेलचं विस्मरणात गेलेलं काम पुन्हा उजेडात आणणाऱ्या तिघांपैकी ते एक. मेंडेलच्या हिशेबात आई-बापांचा वाटा सारखा. लाल फुलाचे पराग पांढऱ्यावर टाका किंवा पांढऱ्याचे लालवर, संतती तीच. चितकबऱ्या पानांनी मात्र हा हिशेब मानला नाही. पांढऱ्या फांदीवरच्या फुलाला हिरव्या फांदीचे पराग दिले तरी रोपं पांढरीच निघाली आणि बीमधली शिदोरी संपताच मरून गेली. हिरव्या फांदीवरच्या फुलाला पांढऱ्या फांदीचे पराग दिले, तर सगळी रोपं हिरवी. मिश्र फांदीवरच्या फुलांपासून तिन्ही प्रकार. बाप कोण, यानं काडीचाही फरक पडेना.

कारण पानाचा हिरवेपणा ज्यांच्यात असतो ती हरितलवकं पेशीला नव्यानं घडवता येत नाहीत. असलेल्या लवकाचे दोन होतात, दोनाचे चार. गुलबक्षीत लवकं बीजांडातून पुढच्या पिढीत जातात, परागातून जात नाहीत. बीजांडात रंगहीन लवकं असतील तर बापानं कितीही हिरवे पराग पाठवले तरी व्यर्थ. (सगळ्या वनस्पतींत हे इतकं चोख नसतं. त्याच १९०९ साली एर्विन बाउर यांनी जिरेनियमच्या झाडांत बापाकडूनही लवकं येताना दाखवली. जीवशास्त्रात नियम सांगून माणूस खाली बसतो न बसतो, तोच कुणीतरी जिरेनियमची कुंडी घेऊन उभा असतो.)

शाळेत आपण तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र आणि हरितलवक म्हणजे अन्न तयार करण्याची जागा असं पाठ केलं. ते चूक नाही, पण ते अर्धंच आहे, आणि माझ्या मते कमी रंगतदार अर्ध. ही दोन्ही अंगकं पेशीत राहतात ती स्वतःचा वेगळा वारसा घेऊन, आणि हा वारसा केंद्रकातल्या वारशाशी कधी जुळवून घेतो, कधी भांडतो.

आधी ऊर्जेचं थोडक्यात. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलात बसवलेल्या प्रथिनांच्या साखळीतून प्राणवायूपर्यंत जातात आणि जाताना प्रोटॉन पटलाबाहेर ढकलले जातात. पटलाच्या दोन बाजूंमध्ये दाब तयार होतो, जवळपास १५० मिलिव्होल्टचा. आकडा किरकोळ वाटेल, पण पटलाची जाडी पाच-सहा नॅनोमीटर. त्या मानानं हे क्षेत्र मीटरमागे सुमारे ३ कोटी व्होल्ट भरतं. बाहेर साठलेले प्रोटॉन परत आत येतात ते एका फिरत्या प्रथिनयंत्रातून, आणि त्या फिरण्यातून एटीपी हा पेशीचा इंधनरेणू तयार होतो. हरितलवकात हेच घडतं, फक्त इलेक्ट्रॉन हलवायला अन्नाऐवजी सूर्यप्रकाश असतो.

पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा बहुतेक जीवरसायनशास्त्रज्ञांनी नाकं मुरडली. मिचेल पुढे कॉर्नवॉलमधल्या एका जुन्या वाड्यात स्वतःची प्रयोगशाळा थाटून बसले. त्यांच्या बाजूचा एक मोठा पुरावा पालकाच्या पानांनी दिला. आंद्रे यागेंडॉर्फ यांनी १९६६ मध्ये पालकाच्या हरितलवकांतली पटलं आधी आम्ल द्रावणात मुरवली, मग एकदम अल्कधर्मी द्रावणात टाकली. सगळं अंधारात. प्रकाशाचा कणही नसताना एटीपी तयार झालं, कारण प्रोटॉनांचा उतार तेवढा हाताशी होता. १९७८ चं नोबेल मिचेल यांना एकट्यांना मिळालं. एटीपीचं ते यंत्र खरोखरच गरगर फिरतं, हे जपानी संशोधकांनी १९९७ मध्ये त्याला एक चमकता तंतू चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहिलं.

हे फिरतं यंत्र जिवाणूंमध्येही असतं, जवळजवळ त्याच बांधणीचं. यात नवल नाही, कारण तंतुकणिका आणि हरितलवकं एकेकाळी जिवाणूच होती. हरितलवकांबद्दल हे रशियन शास्त्रज्ञ मेरेश्कोव्स्की यांनी १९०५ मध्येच म्हटलं होतं, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी दोन्ही अंगकांचा एकत्र विचार करणारा दीर्घ लेख लिहिला. पंधराएक नियतकालिकांनी तो परत पाठवला होता, असं त्या सांगत. लेख छापून येईपर्यंत दोन्ही अंगकांत डीएनए सापडलेलं होतं. निर्णायक साक्ष पुढच्या दशकात मिळाली. १९७५ मध्ये कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये लिंडा बोनेन आणि फोर्ड डूलिटल यांनी एका लाल शैवालाच्या हरितलवकातला रायबोसोमचा आरएनए तपासला. त्याचं नातं त्या शैवालाच्या स्वतःच्या पेशीपेक्षा जिवाणूंशी जवळचं निघालं.

दीडेक अब्ज वर्षांहून जास्त काळाच्या या सहवासात पाहुण्यांनी आपली बहुतेक जनुकं यजमानाच्या केंद्रकात गमावली. माणसाच्या तंतुकणिकेत हजारावर प्रकारची प्रथिनं काम करतात. तिच्या स्वतःच्या डीएनएत, म्हणजे १६,५६९ अक्षरांच्या एका इवल्याशा वर्तुळात, यांपैकी फक्त १३ प्रथिनांची जनुकं उरली आहेत. बाकी सगळी केंद्रकाच्या हुकमानं बाहेर तयार होऊन आत पोचवली जातात. मग ही १३ तरी का ठेवली? जॉन ॲलन यांनी मांडलेलं एक उत्तर मला पटण्यासारखं वाटतं. इलेक्ट्रॉनांच्या साखळीत बिघाड झाला तर दुरुस्ती जागच्या जागी आणि लगेच व्हायला हवी, म्हणून तिच्या गाभ्याच्या प्रथिनांची जनुकं हाताशी ठेवली गेली.

हरितलवकातलं डी-१ नावाचं प्रथिन पाहिलं की या उत्तरात जीव आहे असं वाटतं. प्रकाशाच्या माऱ्याला सर्वांत आधी तोंड देणारं हे प्रथिन रणरणत्या उन्हात साधारण अर्ध्या तासात निकामी होतं आणि सतत नवं बसवावं लागतं. त्याचं जनुक आजही हरितलवकातच आहे. आपले ऊस आणि मका पिकवणारे शेतकरी तणांवर ॲट्राझीन फवारतात, ते नेमकं या डी-१ मधल्या एका खाचेत जाऊन बसतं आणि इलेक्ट्रॉनांची वाट अडवतं. ऊस-मका ते औषध स्वतःच्या पेशीत निष्प्रभ करून टाकतात म्हणून वाचतात. १९७० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातून या गटाच्या औषधांना न जुमानणाऱ्या तणाची बातमी आली. अशा तणांत डी-१ च्या साखळीतलं २६४ व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं, आणि हा हट्टीपणा रोपाला आईकडून मिळतो, गुलबक्षीच्या पांढरेपणासारखाच.

माणसातही तंतुकणिका आईकडूनच येतात. बीजांडात त्या लाखाच्या घरात असतात, शुक्राणूत जेमतेम काही डझन, आणि त्यांनाही फलनानंतर हुडकून नष्ट केलं जातं. म्हणून हा वारसा निव्वळ आजोळचा. तोही आजोबांना वगळून फक्त आजीचा, तिच्या आईचा, तिच्याही आईचा. १९८७ मध्ये रेबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन यांनी हीच वाट धरून आज हयात असलेल्या सगळ्या माणसांच्या तंतुकणिकांचा माग आफ्रिकेतल्या एका स्त्रीपर्यंत नेला.

जिवाणूपणाचे अवशेष दवाखान्यातही भेटतात. स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिन ही प्रतिजैविकं जिवाणूंच्या रायबोसोमला धरतात, आपल्या पेशीच्या रायबोसोमला सोडून देतात. पण तंतुकणिकेचे रायबोसोम जिवाणूंच्या जातकुळीतले. त्यांच्या जनुकात १५५५ व्या स्थानी एक अक्षर बदललेलं असेल, तर ते जिवाणूंच्या रायबोसोमशी आणखी मिळतंजुळतं होतं, आणि मग या औषधाच्या नेहमीच्या मात्रेनंही कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. अशा वेळी आईच्या बाजूला कुणाला इंजेक्शननंतर ऐकू येईनासं झालं होतं का, हा प्रश्न विचारायलाच हवा. वडिलांच्या बाजूचा इतिहास या बाबतीत काहीच सांगत नाही.

आता भांडणाकडे येऊ. तंतुकणिकेला पुढच्या पिढीत जायचा रस्ता फक्त बीजांडातून आहे. पराग म्हणजे तिच्या दृष्टीनं बंद गल्ली. परागावर खर्च होणारी ताकद वाचून बियांकडे वळली तर तिचा फायदाच. म्हणून एखाद्या वनस्पतीत तंतुकणिकेनं परागच मारून टाकले, तरी तिचं काही बिघडत नाही. केंद्रकातल्या जनुकांना मात्र हे परवडत नाही, त्यांना दोन्ही वाटा हव्यात. ती मग तंतुकणिकेच्या खोडीला आवर घालणारी जनुकं घडवतात. रानटी थाइमची काही झाडं केवळ मादी असतात आणि ती जास्त बी धरतात, हे डार्विन यांनी १८७७ च्या पुस्तकात नोंदवलं होतं. त्यामागे असं भांडण असेल, हे तेव्हा कुणाला कळणं शक्य नव्हतं.

या भांडणावर आपल्याकडच्या भाकरीचा एक मोठा अध्याय उभा आहे. ज्वारीच्या कणसात शेकडो इवली फुलं, बहुतेक द्विलिंगी आणि स्वतःच्याच परागानं फळणारी. दोन वाणांचा संकर करायचा तर प्रत्येक फुलातले पुंकेसर चिमट्यानं काढावे लागतील. प्रयोगापुरतं ते जमतं, पण एकरभर शेतासाठी कोण करणार? १९५४ मध्ये टेक्सासमधल्या स्टीफन्स आणि हॉलंड यांनी तोड काढली. मायलो गटाची ज्वारी आई धरायची, तिच्यावर काफिर गटाचे पराग टाकायचे आणि पुढच्या प्रत्येक पिढीत पुन्हा काफिरचेच. काही पिढ्यांनी जे रोप उरतं, त्याचं केंद्रक जवळजवळ पूर्ण काफिरचं आणि तंतुकणिका मायलोच्या. दोघांचं पटत नाही आणि पराग वांझ निघतात. बी मात्र उत्तम धरतं. अशी नर-वंध्य ओळ मादी म्हणून लावायची आणि तिच्याशेजारी नर म्हणून असा वाण लावायचा, ज्याच्या केंद्रकात मायलोच्या तंतुकणिकांना आवरणारी जनुकं आहेत. त्यांना पुनःस्थापक म्हणतात. मग शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या संकरित बियाण्याला पराग धरतो आणि कणीस भरतं.

भारतातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, १९६४ मध्ये आली. तिची मादी होती सीके-६० ए ही नर-वंध्य ओळ, म्हणजे तिच्या तंतुकणिका मायलोच्या. महाराष्ट्रात तिचं आणि तिच्यानंतर आलेल्या भावंडांचं नुसतं ‘हायब्रीड’ हे नाव पडलं. बुटकी, लवकर येणारी, भरपूर दाणा देणारी. पावसात सापडली की दाणा काळा पडतो आणि भाकरीला गावरान चव नाही, ही तक्रार तेव्हापासूनची, आणि रास्तही. पण तिनं अनेक घरांत धान्याच्या कणग्या भरल्या, हेही तितकंच खरं. बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये चार ओळी मादीच्या, दोन नराच्या असा हिशेब असतो. बी मादीच्या ओळींवरचं घ्यायचं, नराचं वेगळं काढायचं. १९६४ मध्येच जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली आणि ते गाव पुढे संकरित बियाण्यांचं मोठं केंद्र झालं. बारवालेंना १९९८ चा वर्ल्ड फूड प्राइझ मिळाला. सगळा देश ज्याला हायब्रीड म्हणून ओळखू लागला, त्याच्या मुळाशी तंतुकणिका आणि केंद्रक यांचं हाडवैर होतं, हे मात्र बियाण्याच्या पिशवीवर कुठे लिहिलेलं नसतं.

या युक्तीची दुसरी बाजू अमेरिकेनं १९७० मध्ये पाहिली. तिथल्या मक्याचं सुमारे ८५ टक्के क्षेत्र ‘टेक्सास’ नावाच्या एकाच नर-वंध्य प्रकारच्या तंतुकणिका असलेल्या बियाण्याखाली आलं होतं. केंद्रकं नाना प्रकारची, तंतुकणिका सगळीकडे एकच. या तंतुकणिकांत पराग मारणारं जे प्रथिन होतं, नेमकं त्यालाच एका बुरशीचं विष चिकटलं आणि तंतुकणिकांच्या पटलाला भोकं पडली. त्या एका हंगामात देशाचा सुमारे १५ टक्के मका करप्यानं गेला. बियाणे कंपन्या पुढे काही काळ हातानं तुरे खुडण्याकडे परतल्या.

ज्वारीवर अशी पाळी आलेली नाही. पण जगभरचे व्यापारी संकरित ज्वारीचे वाण आजही जवळजवळ सगळे त्या एकाच मायलोच्या तंतुकणिकांवर उभे आहेत. पर्याय म्हणून ज्या इतर आया शोधल्या गेल्या, त्यांत आपली मालदांडी आहे. मंगळवेढा-सोलापूरकडच्या काळ्या रानात रब्बीला पिकणारी, भाकरीसाठी नावाजलेली. तिच्या पेशीद्रव्यावर आधारलेल्या नर-वंध्य ओळी भारतीय पैदासकारांनी तयार केल्या आहेत. अडचण पुनःस्थापकाची आहे. मायलोला आवर घालणारी जनुकं पुष्कळ वाणांत सापडतात, मालदांडीला आवरणारी फार थोड्यांत, आणि ती मिळाल्याशिवाय तिच्या लेकींच्या कणसात दाणा भरणार नाही.