पंप बोलू लागले, पण कोणाशी?

मुळा-प्रवरेच्या खोऱ्यात उसाचे भरणे पुष्कळदा विजेच्या वेळापत्रकावर चालते. कृषिपंपांना थ्री-फेज वीज आळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री, मिळत आली आहे. रात्रपाळीत अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील शेतकऱ्याला साप आणि उसात दडलेला बिबट्या या दोहोंचे भय असते. म्हणून ‘ऑटो-स्विच’ आला; वीज येताच पंप आपोआप सुरू होऊ लागला. पुढे सिमकार्डाचा ‘मोबाईल स्टार्टर’ आला आणि घरबसल्या मोटार चालू-बंद करता येऊ लागली. या सोयीला चैन म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु तिची दुसरी बाजू रोहित्रापाशी, गावच्या भाषेत डीपीपाशी, दिसते. मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या ५ ते ७ पट प्रवाह खेचते. एका डीपीवरचे सारे ऑटो-स्विच एकाच क्षणी जागे झाले, की दाब कोसळतो, फ्यूज उडतात, कधी रोहित्रच जळते. मग पीक वाळत असताना सर्वांनाच दुसऱ्या रोहित्राची वाट पाहावी लागते. ऑटो-स्विच काढून टाकण्याचे आवाहन महावितरण करते ते यामुळेच.

ऑटो-स्विच कोणाशीच बोलत नाही. मोबाईल स्टार्टर बोलतो तो केवळ मालकाशी. शेजारचा पंप चालू आहे काय, रोहित्रावर भार किती, याची वार्ता दोघांनाही नसते. तंत्रज्ञान अपुरे आहे असे नव्हे. मीटरचे आकडे आज रेडिओलहरींनी, मोबाईलच्या जाळ्यातून, खुद्द विजेच्या तारेवरूनही पाठविता येतात. पहिली पायरी तर संदेशावाचूनही गाठता येते: प्रत्येक स्टार्टरचा ‘टायमर’ काही सेकंदांच्या फरकाने लावला, की मोटारी एकामागून एक सुरू होतात. मात्र एकूण भारच रोहित्राच्या शक्तीबाहेर असेल, तर पंपांच्या पाळ्या बांधाव्या लागतील आणि तेथे परस्परसंवादच हवा.

२०१७ च्या सौर कृषिवाहिनी योजनेच्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीत, उभा राहिला. दिवसा वीज मिळाल्याने रात्रीचे भय सरेल. पण सर्व मोटारी एकदम सुरू होण्याचा प्रश्न उरेलच. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा सहकारी संस्था येथे २०११ पर्यंत वीज वाटत होती; कालव्याच्या पाणीपाळ्याही येथील शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडल्या आहेत. पंप एकेकाच्या मालकीचे असले, तरी रोहित्र सर्वांचे आहे. यंत्रांनी एकमेकांशी बोलावे, असे वाटत असेल, तर एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी आधी एकत्र बसून पाळ्या ठरविल्या पाहिजेत.