खूर ठीक, तरी बैल लंगडतो

कर्जत-खालापूरच्या भातखाचरांत चिखलणीच्या दिवसांत बैल लंगडला की आधी खूर पाहतात. बरोबरच आहे, गुरांच्या लंगडण्याचं मूळ बहुधा तिथेच असतं. खूर ठीक असेल तर मात्र वर पाहावं. मागचा पाय चिखलात रुतून किंवा बांधावरून घसरून मागे ताणला गेला, तर नडगीपुढचा स्नायू तुटू शकतो. निरोगी पायात पोटाजवळचा गुडघा आणि खालचा घोटा एकत्रच वाकतात, एकत्रच सरळ होतात. हा स्नायू तुटला की गुडघा वाकलेला असतानाही घोटा मागे सरळ ओढता येतो, आणि टाचेवरची जाड शीर सैल पडून सुरकुतते. अशा बैलाला दोनेक महिने गोठ्यात पूर्ण विश्रांती दिली तर तो बहुधा सावरतो. पोटरीचाच स्नायू तुटून घोटा जमिनीला टेकला, तर जड जनावराची आशा थोडी.

फाळाने पायाची अशी शीर कापली गेली तर जखम स्वच्छ पाण्याने धुऊन फडकं बांधावं, राख भरू नये. जनावराला चालवत दवाखान्यात नेऊ नये. डॉक्टरांनाच बोलवावं, ते खपच्या किंवा प्लॅस्टर घालतील. वेदनाशामक म्हणून मेलॉक्सिकॅम चालतं. डायक्लोफिनॅकवर जनावरांसाठी २००६पासून बंदी आहे, कारण ते औषध दिलेलं जनावर मेल्यावर खाऊन गिधाडं दगावतात. कर्जत-खालापूरच्याच रायगड जिल्ह्यात, म्हसळ्याकडे, ती आहेत.